गूगलचे ब्लॉगर: सीमाभागातल्या मराठी शिक्षकाला किती कामाचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी माध्यमाला शिकवणाऱ्या शिक्षकाची अडचण जरा वेगळी आहे. पाठ्यपुस्तक कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचे, मूल्यमापन एफए-एसएच्या (आकारिक आणि संकलित चाचण्यांच्या) पद्धतीने, सुत्तोले म्हणजे परिपत्रके कन्नडमध्ये. आणि मराठीत काही शोधायला जावे तर समोर येते ते जवळजवळ सगळे बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी मराठीत भरपूर आणि पुष्कळदा चांगले ब्लॉग लिहिले आहेत. पण त्यातले शासन निर्णय, शालार्थ, सरल (तिकडच्या सरकारी ऑनलाइन प्रणाली), केंद्रप्रमुखांचे नमुने इथे काहीच कामाचे नाहीत, धडे वेगळे आहेत, आणि वेळापत्रकही जुळत नाही. इथली शाळा जून लागताना सुरू होते आणि मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते. तिकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि सुट्टी दिवाळीची. त्यामुळे इथल्या शिक्षकाच्या उपयोगाचे लिखाण इथल्याच शिक्षकाला करावे लागते. ते होतही असते, पण व्हॉट्सॲपच्या गटावर. सकाळी टाकलेली चांगली युक्ती संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते आणि पुढच्या जूनमध्ये तीच शंका नव्याने विचारली जाते.

हे लिखाण साठवायची जागा म्हणून गूगलची ब्लॉगर ही ब्लॉग काढण्याची सेवा कशी आहे, ते इथे पाहू. ही सेवा जुनी आहे. पायरा लॅब्स या छोट्या कंपनीने ती १९९९ मध्ये सुरू केली आणि २००३ मध्ये गूगलने विकत घेतली. तिच्यात नवे फारसे काही येत नाही, आणि आमच्या मते शिक्षकासाठी हा निम्मा दोष आणि निम्मा गुण आहे. गूगलचे खाते असले की वेगळे पैसे नाहीत, जाहिराती आपण लावल्याशिवाय लागत नाहीत, लेखांच्या संख्येवर मर्यादा नाही, आणि एका ब्लॉगवर १०० जणांपर्यंत सभासद घेता येतात. एका क्लस्टरला, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाला, हे पुरून उरते.

एकट्या शिक्षकाने ब्लॉग काढावा का, तर आठवड्याला एक तरी नोंद लिहायची सवय असेल तरच. पाच-सहा शाळांनी मिळून एक काढला तर मात्र तो टिकण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून पुढचे बहुतेक मुद्दे सामायिक ब्लॉग धरून मांडले आहेत.

मांडणी: पहिल्या तासातच बदलायच्या गोष्टी

ब्लॉग उघडायला पाच मिनिटे लागतात: नाव, पत्ता, प्रदर्शनाचे नाव, झाले. खरे काम त्यानंतरच्या सेटिंग्जमध्ये आहे, आणि बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत.

पहिली गोष्ट टाइम झोन. मुळात तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असण्याची शक्यता असते. तो ग्रीनिच अधिक साडेपाच तास, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, असा करावा. नाही केला तर सोमवारी सकाळी सात वाजता यावा म्हणून लावलेला लेख रात्री येतो आणि नोंदींच्या तारखा एक दिवस मागे पडतात. त्याच पानावर भाषा मराठी करावी, म्हणजे महिन्यांची नावे आणि ‘टिप्पणी’सारखी बटणे वाचकाला मराठीत दिसतात.

दुसरी गोष्ट लेखाचा पत्ता, आणि मराठी ब्लॉगचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. शीर्षक देवनागरीत असले की ब्लॉगर त्यातून पत्ता तयार करू शकत नाही आणि ‘ब्लॉग-पोस्ट’ या शब्दापुढे एखादा आकडा लावून मोकळा होतो. शंभर लेखांचे शंभर निनावी पत्ते. उपाय सोपा आहे, पण तो लेख प्रसिद्ध करण्याआधीच करावा लागतो: उजव्या बाजूच्या पट्टीत ‘परमालिंक’ उघडायची, ‘कस्टम’ निवडायचे आणि रोमन अक्षरांत इयत्ता, विषय, घटक असे तीन-चार शब्द मध्ये आडव्या रेघा देऊन लिहायचे. प्रसिद्ध केल्यावर पत्ता बदलायचा तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो, आणि तोवर गटावर पाठवलेला दुवा मोडतो.

तिसरी गोष्ट लेबले, म्हणजे लेखांची वर्गवारी करणारे शब्द. इथे शिस्त नसेल तर ब्लॉगचा उकिरडा होतो. ‘गणित’, ‘गणित.’ आणि ‘गणीत’ ही ब्लॉगरच्या लेखी तीन वेगळी लेबले आहेत. सुरुवातीलाच पंधरा-वीस लेबलांची यादी करून ती सर्व सभासदांना द्यावी: पहिली ते दहावी अशी इयत्तांची, विषयांची, आणि मुलांच्या चुकांच्या प्रकारांची तीन-चार. एका लेखाला तीन लेबले पुरतात. लेबले देवनागरीत ठेवायला हरकत नाही, मात्र लेबलाच्या पानाचा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची दोन ओळींची माळ होते. दुवा चालतो, पण बघणाऱ्याला फसवा वाटतो आणि तो दाबत नाही. अशा पानांसाठी मुख्य पानावर मेनू करून त्या मेनूचाच दुवा पाठवावा.

थीमच्या बाबतीत मोह टाळावा. बाहेरच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या चमकदार थीममध्ये छुपे दुवे असतात आणि तळाची ओळ काढली की पानच दुसरीकडे वळते, असे प्रकार नेहमीचे आहेत. ब्लॉगरची ‘सिंपल’ ही जुनी थीम हलकी आहे आणि साध्या फोनवर लवकर उघडते. फक्त ओळींमधले अंतर देवनागरीला कमी पडते. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. थीमच्या ‘कस्टमाइझ’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली सीएसएस (पान कसे दिसावे हे ठरवणाऱ्या सूचना) टाकायची सोय आहे, तिथे ओळीची उंची १.७ केली की वाचन सुसह्य होते.

काय लिहायचे

इथे साधनाचा दोष नाही, वापरणाऱ्यांचा आहे. शिक्षकांच्या पुष्कळ ब्लॉगांवर सापडते काय, तर आदेशाची नक्कल, प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ आणि पंधरा ऑगस्टची भाषणे. याला वाचक भरपूर मिळतात, पण लिहिणारा यातून काही शिकत नाही. शिकायचे असेल तर नोंद मुलाच्या चुकीपासून सुरू व्हावी. चार भाग पुरतात: काय शिकवायचे होते, मुलांनी नेमके काय लिहिले किंवा बोलले, त्याचे कारण काय असावे, आणि पुढच्या तासाला काय बदलणार. दहा-बारा दिवसांनी त्याच लेखाखाली पाचवा भाग जोडायचा: बदल केल्यावर काय झाले. हा पाचवा भाग नसेल तर बाकीचे चार म्हणजे निव्वळ रोजनिशी.

सीमाभागातला एक नमुना घेऊ. दुसरीच्या वर्गात संख्यांचे श्रुतलेखन आहे. ‘पंचवीस’ म्हटल्यावर काही मुले ५२ लिहितात. घाईत असलेला शिक्षक ‘स्थानिक किंमत कच्ची’ असा शेरा मारून पुढे जातो. पण मराठीत आधी एकक उच्चारतात आणि मग दशक. मूल ऐकेल त्या क्रमाने डावीकडून लिहीत जाते. कन्नडच्या तासाला त्याच मुलाच्या कानावर ‘इप्पत्तैदु’ पडते, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी त्याच दहा संख्या कन्नडमध्ये सांगून लिहून घ्याव्यात. मग न बोलता गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडून संख्या लिहायला लावावी. दोन्हीकडे बरोबर येत असेल तर गोंधळ ऐकण्याच्या क्रमाचा आहे, आणि त्यावर दशकाचे घर रिकामे सोडून आधी एकक लिहायला लावणे, मग दशक भरणे, एवढा उपाय चालतो. काड्यांतही चुकत असेल तर मात्र स्थानिक किमतीकडेच परत जावे लागते.

संख्या निवडतानाही काळजी हवी. २२, ३३ यांत उलटापालट दिसतच नाही, आणि ३० किंवा ४० काही सांगत नाहीत. ४७, ६३, ८५ अशा घ्याव्यात. एकोणतीस, एकोणचाळीस या वेगळ्या मोजाव्यात, कारण तिथे चूक वेगळ्या जातीची असते: मूल ‘तीस’ ऐकून ३९ लिहिते. ही नोंद नंतर शोधताना सापडण्याजोगी राहावी म्हणून शीर्षक ‘आजचा अनुभव’ असे न देता ‘पंचवीसला ५२: दुसरी, संख्यालेखन’ असे द्यावे.

अशी एक नोंद २५० ते ३०० शब्दांत बसते आणि लिहायला अर्धा तास लागतो. कन्नड भाषा शिकवणाऱ्यांकडेही असा ऐवज ढिगाने आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे लिहितात. मराठी घरातल्या मुलाच्या कानाला हा फरक जाणवत नाही, म्हणून ते सगळीकडे एकच चिन्ह वापरते. वर्गनिहाय अशा चुका तीन वर्षे जमल्या तर त्या भागापुरते ते कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा उपयोगी ठरेल.

नोंद कोण वाचणार हेही ठरवून लिहावे. ‘परमिशन्स’मध्ये वाचकांसाठी तीन पर्याय असतात: सर्वांसाठी खुला, फक्त लेखकांसाठी, किंवा निवडक ईमेलधारकांसाठी. पहिले तीन महिने फक्त लेखकांसाठी ठेवलेला बरा. लोक मोकळेपणाने चुका लिहितात. नंतर निवडक नोंदी खुल्या कराव्यात. मात्र ही परवानगी अख्ख्या ब्लॉगला लागते, एकेका लेखाला नाही. हा ब्लॉगरचा खरा तोटा आहे. म्हणून आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन ब्लॉग करावे लागतात. एका खात्यावर ते चालतात, पण नक्कल-चिकटवचे काम वाढते.

अनेकांनी मिळून चालवताना

सभासदांना दोन भूमिका देता येतात, ॲडमिन आणि लेखक. लेखक फक्त स्वतःचे लेख बदलू शकतो. ॲडमिन कोणाचाही बदलू किंवा पुसू शकतो. ॲडमिन दोन असावेत, एक कधीच नको. शाळेच्या किंवा मुख्याध्यापकांच्या एकाच खात्यावर ब्लॉग काढला आणि त्यांची बदली झाली की पासवर्ड त्यांच्याबरोबर पुढच्या गावाला जातो. निवृत्तीचेही तेच. दोघे वेगवेगळ्या शाळांतले असले तर उत्तम. सगळ्यांनाच ॲडमिन करणे मात्र त्याहून वाईट. एखाद्या दिवशी कोणाचा तरी अंगठा ‘डिलीट’वर पडतो.

आमंत्रणाचा ईमेल नव्या सभासदाला दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. तो प्रमोशन्समध्ये किंवा स्पॅममध्ये पडलेला असतो. सापडला तरी फोनवर दोन-तीन खाती असतील तर दुवा चुकीच्या खात्यात उघडतो आणि परवानगी नाही असे सांगतो. यासाठी क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडून, ज्या ईमेलवर आमंत्रण गेले त्याच खात्याने आत जाऊन मग दुवा चिकटवावा. आणखी एक बारीक गोष्ट: प्रोफाइलमध्ये नाव भरले नाही तर लेखाखाली ईमेलचा पुढचा तुकडा किंवा काहीतरी विचित्र नाव दिसते. क्लस्टरमधल्या बाईंनी लिहिलेल्या चांगल्या नोंदीखाली त्यांच्या मुलाच्या गेमिंग खात्याचे नाव दिसावे, हे बरे नव्हे.

टिप्पण्यांची व्यवस्था ब्लॉगरची सर्वांत कमकुवत बाजू आहे. लेखाखालीच जोडलेली चौकट काही ब्राउझरमध्ये चालत नाही, कारण तिथे दुसऱ्या संकेतस्थळाच्या कुकी अडवलेल्या असतात. वाचक मजकूर टाइप करतो, पाठवतो आणि तो गायब होतो. फेसबुकमधून दुवा उघडला तर आतल्या ब्राउझरमध्ये गूगलचे लॉगिनच होत नाही. सेटिंग्जमध्ये टिप्पणीची जागा ‘पॉपअप’ किंवा ‘पूर्ण पान’ अशी केली की तक्रारी कमी होतात. निनावी टिप्पण्या बंद ठेवाव्यात आणि जुन्या लेखांवरच्या टिप्पण्या तपासूनच येऊ द्याव्यात, कारण जाहिरातींचा कचरा तिथेच साठतो. एवढे करूनही खरी चर्चा व्हॉट्सॲपवरच होणार, हे धरून चालावे. मग एका लेखकाने गटावरच्या उत्तरांतले कामाचे तेवढे निवडून, विचारून, लेखाखाली लिहावे. कंटाळवाणे काम आहे खरे, पण ब्लॉगचा निम्मा फायदा त्यातच आहे.

प्रशिक्षकांसाठी, म्हणजे सीआरपी (क्लस्टरचे साधन व्यक्ती), बीआरसीतले (तालुका साधन केंद्रातले) साधन व्यक्ती आणि डाएटमधल्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या) मंडळींसाठी, ब्लॉगरचे एक वैशिष्ट्य विशेष उपयोगी आहे: लेख पुढच्या तारखेला लावून ठेवता येतो. एक दिवसाचे प्रशिक्षण झाले की माणसे दुसऱ्या दिवशी वर्गात जातात आणि फायली कपाटात जातात. त्याऐवजी प्रशिक्षणापूर्वी आठ दिवस एक छोटी नोंद यावी: ‘तुमच्या वर्गातल्या पाच वह्या पाहा आणि वजाबाकीतल्या हातच्याच्या चुका लिहून आणा.’ प्रशिक्षणाच्या दिवशी त्या चुकांवरच काम व्हावे. नंतर सातव्या आणि एकविसाव्या दिवशी दोन नोंदी आपोआप याव्यात, प्रत्येकीत एकच प्रश्न. गूगल फॉर्म लेखात बसवायचा असेल तर फॉर्मचा एम्बेड कोड घेऊन संपादकाच्या एचटीएमएल दृश्यात चिकटवायचा आणि रुंदी १००% करायची. मूळ रुंदी तशीच ठेवली तर फोनवर फॉर्म उजवीकडे कापला जातो.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ब्लॉगवर लिहिलेले तास आपोआप कुठे मोजले जात नाहीत आणि त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम आहेत. ब्लॉगचे काम दुसरे आहे: त्या अभ्यासक्रमातले वर्गात किती चालले ते लिहिणे.

काय बिघडते

सर्वात जास्त वेळा बिघडते ती पीडीएफ. ब्लॉगरवर पीडीएफ थेट चढवता येत नाही. ती ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा लागतो, आणि ड्राइव्हची परवानगी ‘दुवा असलेला कोणीही’ अशी करायची राहून जाते. वाचकाला परवानगी मागणारे पान दिसते आणि लेखकाच्या ईमेलवर विनंत्यांचा पाऊस पडतो. प्रत्येक दुवा प्रसिद्ध केल्यावर इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहावा. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ तर ड्राइव्हवर ठेवूच नये. पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळाचा दुवा द्यावा. आवृत्ती बदलली तरी वाचकाला नवे पुस्तक मिळते आणि हक्काचा प्रश्नही येत नाही.

दुसरे, डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर. जुन्या टाचणांच्या फायली श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये असतात आणि कन्नड कागद नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये. ते ब्लॉगरमध्ये चिकटवले की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय इलाज नाही, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. युनिकोड मजकूर वर्डमधून घेतानाही साध्या चिकटवण्याने सोबत लपलेले फॉर्मॅटिंग येते आणि एकाच लेखात तीन आकाराची अक्षरे दिसतात. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबून चिकटवावे.

तिसरे, नेटवर्क. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात दुपारी लाइट जाते आणि मोबाइलचे मनोरेही मागोमाग गप्प होतात. ब्लॉगर मसुदा आपोआप जतन करतो, पण त्यासाठी जोडणी हवी. संपादकात थेट लिहीत बसू नये. फोनमधल्या नोट्समध्ये किंवा ऑफलाइन चालू केलेल्या गूगल डॉक्समध्ये लिहावे आणि रेंज आली की चिकटवावे. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांना जीबोर्डचे मराठी बोलून-लेखन बरेच साथ देते. विरामचिन्हे आणि कन्नड शब्द मात्र नंतर हाताने घालावे लागतात.

फोटोंबद्दल जरा कडक बोलायला हवे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. वर्गाचा फोटो टाकायचा मोह सगळ्यांना होतो, पण शिकण्यासाठी मुलाच्या चेहऱ्याची गरजच नसते. वहीचे पान पुरते. पानावरचे नाव आणि हजेरी क्रमांक कागदाच्या पट्टीने झाकून मगच फोटो घ्यावा. नंतर ॲपमध्ये रंग फासून झाकलेले कधी कधी पुन्हा दिसते. फोनच्या मूळ फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असते आणि त्याचे वजन तीन-चार एमबी असते. तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच साध्या फोटोसारखा पाठवला तर वजन बरेच उतरते आणि ठिकाणाची नोंदही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही तसेच राहते.

शोधाची चौकटही मराठीला पुरती न्याय देत नाही. ‘भागाकार’ शोधले तर ‘भागाकारात’, ‘भागाकाराची’ असे लिहिलेले लेख सुटू शकतात. विभक्ती न लागलेला मूळ शब्द शीर्षकात आणि लेबलात असलाच पाहिजे असा नियम केला की ही उणीव बरीचशी भरून निघते.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत असलेल्यांनी जाहिराती चालू करू नयेत. ब्लॉगर ते बटण वरचेवर पुढे करतो, पण नोकरीच्या वर्तणूक नियमांत बाहेरच्या उत्पन्नाचा प्रश्न येतो आणि दोनशे वाचकांच्या ब्लॉगवर उत्पन्न तरी किती होणार. सुत्तोल्यावर मत मांडण्याची जागाही ही नव्हे. परीक्षेआधी एफएचे प्रश्न टाकणे तर उघडच चूक, तरी ते होते, कारण लेख वेळापत्रकावर लावताना तारीख चुकते.

दुसऱ्यांचे वाचण्यासाठी

व्यावसायिक वाचनासाठी ब्लॉगर स्वतः फारसे काही देत नाही. ईमेलने लेख पाठवणारी जुनी सोय २०२१ मध्ये बंद झाली. अनेक ब्लॉग एकत्र वाचायचे गूगलचे स्वतःचे रीडर तर २०१३ मध्येच गेले. पण प्रत्येक ब्लॉगची फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी, अजून चालू असते. अशा फीड एकत्र दाखवणाऱ्या फीडली किंवा इनोरीडरच्या मोफत खात्यात दहा-बारा ब्लॉग जोडून ठेवले की रविवारी एकदा बसून सगळे नवे वाचता येते. त्यात महाराष्ट्रातले तीन-चार, कन्नड माध्यमाच्या शिक्षकांचे तीन-चार आणि आपल्या भागातले उरलेले, असे मिश्रण ठेवावे. महाराष्ट्रातल्यांकडून भाषेचे खेळ आणि शैक्षणिक साहित्य घ्यावे. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन यासाठी कन्नड ब्लॉगच पाहावे, कारण पुस्तक एकच आहे, फक्त भाषा वेगळी. क्रोमचे भाषांतर अर्थ कळण्यापुरते ठीक असते. स्कॅन केलेल्या सुत्तोल्यांवर ते चालत नाही, तिथे गूगल लेन्स लावावी लागते, आणि तारखा व गुण मूळ कागदावरून पडताळावे लागतात. सामायिक ब्लॉगच्या कडेला ‘ब्लॉग लिस्ट’ गॅजेट लावले तर या सगळ्यांचे ताजे लेख सभासदांना आपोआप दिसतात.

पर्याय म्हणून वर्डप्रेस डॉट कॉम आहे. फोनवरून लिहिण्याचा अनुभव तिथे बराच चांगला, आणि एकेका लेखाला वेगळा पासवर्ड लावता येतो. पण मोफत योजनेत साठवण मर्यादित आहे आणि वाचकाला कंपनीच्या जाहिराती दिसतात. शाळेच्या पानावर त्या नकोशा वाटतात. फक्त फोनच वापरणाऱ्या एकट्या शिक्षकाने तिकडे जावे. गूगल साइट्स दिसायला नीट, पण तारखेप्रमाणे नोंदी आणि टिप्पण्या यांची सोय नाही, म्हणून प्रशिक्षणाचे साहित्य ठेवण्यापुरतीच ती ठीक.

ब्लॉगरला स्वतःच्या नावाचा पत्ता जोडता येतो. खर्च फक्त नाव विकत घेण्याचा, वर्षाला काहीशे ते हजारभर रुपये. क्लस्टरच्या ब्लॉगला त्याची गरज नाही, उलट नूतनीकरण विसरले की सगळे जुने दुवे मोडतात. वर्गणी काढायचीच असेल तर ती एका चांगल्या माइकवर खर्च करावी.

वर्षातून दोनदा, दसऱ्याच्या सुट्टीत आणि एप्रिलमध्ये निकाल लागल्यावर, ब्लॉगची प्रत काढून ठेवावी. गूगल टेकआउटमध्ये बाकी सगळ्या खुणा काढून फक्त ‘ब्लॉगर’ निवडायचे आणि फाइल दोन्ही ॲडमिननी आपापल्याकडे ठेवायची. लेखांच्या फाइलमध्ये फोटोंचे फक्त दुवे असू शकतात, म्हणून वह्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये लेखाच्या नावाने जपावेत. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. ब्लॉगसाठी वेगळे खाते काढले असेल तर दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात दोघांपैकी एकाने त्यातून आत जावे आणि खात्याला जोडलेला फोन नंबर अजून कोणाच्या हातात आहे तेही पाहून घ्यावे.